दोन दुरुस्त्या, एक अलाइनमेंट
स्पोर्ट्स गाडीचा क्लच आणि खालचे काम एकत्र करण्याचा हिशोब

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या बांधवांची मोठी संख्या आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो, की शारजाच्या औद्योगिक भागातील गॅरेज असो, सुटे भाग विकणारे आणि ते बसवणारे अनेक हात आपल्याच माणसांचे आहेत. आखातात कामाला गेलेल्या कारागिरांपुढे तर दोन दारांच्या, जोरदार इंजिनाच्या स्पोर्ट्स गाड्याही येतात. या गाड्यांच्या बाबतीत वारंवार उभा राहणारा एक प्रश्न आज आम्ही या पानावर घेत आहोत.

प्रश्न असा. ग्राहक क्लच घसरतो म्हणून गाडी आणतो. गाडी वर उचलल्यावर दिसते की लोअर आर्मचे रबरी बुश फाटले आहेत आणि शॉकअपमधून तेल झिरपते आहे. ग्राहक म्हणतो, "मिस्त्री, आता फक्त क्लच करा, खालचे काम दोन महिन्यांनी बघू." अशा वेळी दोन्ही कामे एकदम करण्याचा आग्रह धरावा की नाही? एकत्र काम केले तर अलाइनमेंटचा एक खर्च वाचतो, असे सर्रास सांगितले जाते. हे काही गाड्यांबाबत खरे आहे आणि काही गाड्यांबाबत अजिबात खरे नाही. कोठे खरे आहे हे ज्याला कळते, तोच ग्राहकाला योग्य सल्ला देऊ शकतो.

अलाइनमेंट कशासाठी?

चाक गाडीला कोणत्या कोनात बसले आहे, ते तपासून ठरलेल्या मापात आणणे म्हणजे अलाइनमेंट. मुख्य कोन तीन. समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर कललेले दिसते, तो कॅम्बर. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या रेषेभोवती वळते, ती रेषा बाजूने पाहिली असता पुढे-मागे कललेली असते, तो कास्टर. वरून पाहिले असता चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असते, तो टो.

यांत टायरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चुकलेला टो. एक साधा हिशोब करून पाहू. १५ इंची रिमचा व्यास ३८१ मिलिमीटर असतो. समजा, एका चाकाच्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जरुरीपेक्षा फक्त १ मिलिमीटर आत वळली आहे. मग ते चाक दर ३८१ मिलिमीटरला १ मिलिमीटर बाजूला जायला पाहते. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे २.६ मीटर. गाडी सरळ चालली असल्याने ते बाजूला जाऊ शकत नाही, आणि हा फरक रबर घासून भरून निघतो. दहा किलोमीटरच्या फेरीत २६ मीटर झाले. स्पोर्ट्स गाडीचे टायर रुंद, मऊ रबराचे आणि महाग असतात. ग्राहक नंतर येऊन म्हणतो की गाडी टायर खाते, ती अशी खाते. म्हणून अलाइनमेंटचा खर्च वाचवायचा तो अलाइनमेंट टाळून नव्हे. एकदाच करता येईल अशी कामाची आखणी करून तो वाचवायचा आहे.

कोणता बोल्ट सोडला की कोन बिघडतो?

सस्पेन्शनचा कोणताही भाग सोडला की अलाइनमेंट गेले, असा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. प्रत्येक जोड वेगळा ओळखावा लागतो.

बॉल जॉइंटची पिन निमुळती असते. ती नकलमधून काढून परत बसवली तर त्याच जागी जाऊन घट्ट होते, त्यामुळे कोन जवळपास तोच राहतो. टाय रॉड एंडची पिनही तशीच. पण टाय रॉड एंड आट्यांवर फिरवून काढला आणि नवा लावला, तर टो नक्की बदलतो. जुन्या आट्या मोजून लावला तरी नव्या भागाची लांबी केसभर वेगळी असू शकते.

स्ट्रट आणि नकल यांना जोडणारे दोन बोल्ट हे मात्र बिघाडाचे मोठे ठिकाण आहे. बोल्टपेक्षा भोक थोडे मोठे असते, आणि तेवढ्या ढिलाईत चाक वरच्या बाजूने आत-बाहेर सरकते. कॅम्बर बदलला की त्याच्यासोबत टोही बदलतो. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला कॅम बोल्ट असेल, म्हणजे डोक्याला मध्यापासून हटलेली चकती असलेला बोल्ट, तर तो फिरवूनच कोन लावलेला असतो; तो हलला की सगळे हलले. सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालचा जो सांगाडा लोअर आर्म आणि पुष्कळदा स्टिअरिंगचा रॅकही धरून ठेवतो, तो खाली उतरवला तर परत बसवताना थोडा इकडे-तिकडे होऊ शकतो.

उलट स्टॅबिलायझर बारची लिंक किंवा तिचे बुश बदलले तर चाकाच्या कोनाला धक्का लागत नाही. त्या कामासाठी कोणी ग्राहकाकडून अलाइनमेंटचे पैसे घेतले, तर ते विनाकारण घेतले असे समजावे.

तीन गाड्या, तीन उत्तरे

पहिली गाडी माझदा एमएक्स-५. ही १९८९ साली बाजारात आली. इंजिन पुढे आणि उभे, ताकद मागच्या चाकांना. या गाडीचा क्लच बदलताना मधला प्रोपेलर शाफ्ट काढतात, गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट सोडतात आणि गिअरबॉक्स खालून बाहेर घेतात. या सगळ्यात एकाही चाकाचा कोन हलत नाही. होंडा एस२००० ही १९९९ ते २००९ या काळात बनलेली गाडीही याच घाटाची. इंजिन पुढे उभे, चाक मागचे फिरणारे. अशा गाडीत क्लचच्या कामाला अलाइनमेंट लागतच नाही. मग क्लच आणि खालचे काम एकत्र केल्याने अलाइनमेंटचा खर्च वाचणार कोठून? सस्पेन्शनचे काम आज केले काय किंवा दोन महिन्यांनी केले काय, त्याला एकच अलाइनमेंट लागेल. येथे ग्राहक म्हणत असेल की खालचे काम नंतर, आणि गाडी चालवायला धोका नसेल, तर त्याचे ऐकावे.

दुसरी गाडी टोयोटा एमआर-२. तिची दुसरी पिढी १९८९ ते १९९९ या काळात बनली. हिचे इंजिन सीटच्या पाठीमागे आडवे बसते आणि चारही चाकांना स्ट्रट आहेत. गिअरबॉक्स काढायचा तर मागच्या दोन्ही चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्यावे लागतात. त्यासाठी चाकाचा नकल बाहेर ओढावा लागतो आणि तो सुटा करायला एकतर खालचा बॉल जॉइंट सोडावा लागतो, किंवा स्ट्रटचे दोन बोल्ट. पुष्कळ कारागीर सोपे म्हणून स्ट्रटचे बोल्ट सोडतात, आणि तेथेच कॅम्बर आणि टो हातचे जातात. पुढे दोन महिन्यांनी शॉकअप बदलायचे झाले तर तेच दोन बोल्ट पुन्हा सोडायचे आणि अलाइनमेंट पुन्हा करायचे. या गाडीत मात्र दोन्ही कामे एकत्र करणे फायद्याचे आहे.

एमआर-२ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वजन मागे असल्यामुळे वळणावर अचानक पाय काढला तर या गाडीचा मागचा भाग झटक्याने बाहेर फेकला जाऊ शकतो, अशी तिची ख्याती आहे. टोयोटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या मागच्या सस्पेन्शनची रचना सुधारली. अशा गाडीचा मागचा टो चुकीचा ठेवून ती ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून येथे फक्त पुढची दोन चाके तपासून चालत नाही. चारही चाकांचे अलाइनमेंट करावे लागते.

तिसरा प्रकार आपल्या गॅरेजात रोज येणारा. इंजिन पुढे आडवे, पुढचीच चाके फिरणारी. मारुती ८०० पासून स्विफ्टपर्यंत आणि जोरदार इंजिनाच्या छोट्या हॅचबॅक गाड्यांपर्यंत अनेक गाड्या याच घाटाच्या आहेत. पुढचे ड्राइव्ह शाफ्ट काढल्याशिवाय त्यांचा गिअरबॉक्स सुटत नाही. नुसता बॉल जॉइंट सोडून काम भागले तर कोन बहुधा टिकतो. पण सबफ्रेम उतरवावी लागली किंवा स्ट्रटचे बोल्ट सोडावे लागले, तर अलाइनमेंट अटळ. म्हणजे स्पोर्ट्स गाडीवर शिकलेला हा धडा आपल्या रोजच्या गाड्यांनाही लागू पडतो.

खर्चाचा हिशोब

आता एमआर-२ सारख्या गाडीचा हिशोब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गॅरेजचे घालावेत. समजा, क्लचच्या कामाला ८ तास लागतात. त्यांपैकी २ तास चाके काढणे, ब्रेक बाजूला बांधणे, नकल सोडणे आणि परत जोडणे यात जातात. समजा, मागचे शॉकअप आणि बुश बदलायला ५ तास लागतात, आणि त्यांतही तेच २ तास त्याच उघडझाकीचे आहेत. कामे वेगवेगळी केली तर १३ तास आणि दोन अलाइनमेंट. एकत्र केली तर ११ तास आणि एक अलाइनमेंट.

म्हणजे बचत दोन ठिकाणी झाली. एक अलाइनमेंट वाचले, आणि २ तासांची मजुरी वाचली. पुष्कळ जण अलाइनमेंटच्या बचतीबद्दल ग्राहकाला सांगतात आणि २ तासांबद्दल गप्प बसतात. क्लचची पूर्ण मजुरी अधिक सस्पेन्शनची पूर्ण मजुरी, असे बिल फाडले जाते. आमच्या मते हे बरोबर नाही. जे काम हाताने एकदाच केले, त्याची मजुरी दोनदा घेता येत नाही. बिलात ते २ तास वजा करून दाखवावेत. यात मिस्त्रीचे नुकसान नाही. ११ तासांची मजुरी त्याला पूर्ण मिळतेच, शिवाय दोन कामे एकाच वेळी हाती आल्याने रॅम्प रिकामा राहत नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. अलाइनमेंट वाचवण्याच्या नावाखाली चांगले चाललेले भाग बदलायला लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कसोटी सोपी आहे. भाग खरोखर खराब झाला असेल, किंवा काही महिन्यांत बदलावाच लागणार असेल, तरच तो सोबत घ्यावा. शॉकअप कोरडा आहे, बुशला चीर नाही, बॉल जॉइंटमध्ये खेळ नाही, तर त्याला हात लावू नये. एका अलाइनमेंटचा खर्च चार नव्या शॉकअपपेक्षा पुष्कळ कमी असतो.

सस्पेन्शनचे भाग सोबत घेतो तसेच क्लचच्या आतलेही पाहावे. गिअरबॉक्स उतरला आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलावेत. क्रँकचे मागचे ऑइल सील आणि ड्राइव्ह शाफ्टची सीले तपासावीत. फ्लायव्हीलवर जळलेले डाग किंवा चिरा असतील तर त्याचा निकाल आधी लावावा. सील किमतीने किरकोळ असते, पण ते नंतर गळू लागले तर सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

कामाचा क्रम

एक, गाडी उघडण्यापूर्वी सगळा माल हातात असावा. स्पोर्ट्स गाडीचे भाग पुष्कळदा बाहेरून मागवावे लागतात. गाडी रॅम्पवर उघडी पडली आणि एका बुशसाठी आठवडाभर थांबली, तर छोट्या गॅरेजचा धंदाच अडतो. म्हणून आधी तपासणी, मग यादी, मग ग्राहकाकडून मालापुरती आगाऊ रक्कम, आणि माल आल्यावरच काम. एक्सलचा नट, कॉटर पिन, शाफ्टचे सर्क्लिप, गिअर ऑइल असा बारीक मालही यादीत असावा.

दोन, सोडण्यापूर्वी खुणा कराव्यात. स्ट्रटच्या बोल्टभोवती, कॅम बोल्टच्या चकतीवर, सबफ्रेमच्या कडेला रंगाची रेघ मारावी. टाय रॉडच्या उघड्या आट्या मोजून लिहून ठेवाव्यात. खुणांवर बसवलेली गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. मात्र खुणा हा अलाइनमेंटला पर्याय नाही.

तीन, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत आणि गिअरबॉक्स उतरवताना त्याला स्वतंत्र आधार द्यावा. शॉकअप बदलताना स्प्रिंग दाबून बांधावी लागते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. हे काम नव्या शागीर्दाच्या हाती एकट्याने देऊ नये, उस्तादाने स्वतः उभे राहावे.

चार, जोडताना घाई करू नये. ड्राइव्ह शाफ्ट बसल्यावर एक्सलचा नट कंपनीने सांगितलेल्या ताकदीवर टॉर्क पान्याने आवळावा, आणि तोवर गाडीचे वजन चाकावर येऊ देऊ नये. नाहीतर बेअरिंग दुखावते. बुशचे बोल्ट मात्र याच्या उलट. चाक हवेत लटकत असताना ते पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवे बुश लवकर फाटते. म्हणून ते आधी सैल ठेवावेत, आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावर आवळावेत.

पाच, अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. येथे एक उपयोगी योग आहे. नव्या स्प्रिंगा लावल्या तर त्या काही दिवसांत थोड्या बसतात, गाडीची उंची किंचित बदलते आणि तिच्याबरोबर कोनही. दुसरीकडे नवा क्लचही सुमारे ५०० किलोमीटर जपून, जोरात न उचलता चालवायचा असतो. दोन्ही कामे एकत्र केली असतील तर हे दोन्ही काळ एकत्रच निघून जातात. गाडी देताना दोरी ताणून किंवा मापपट्टीने टो जवळपास योग्य करून द्यावा, ग्राहकाला जपून चालवायला सांगावे, आणि आठ-दहा दिवसांत एकदाच पक्के अलाइनमेंट करून घ्यावे. स्प्रिंगा जुन्याच असतील तर थांबण्याचे कारण नाही. त्याच दिवशी करावे.

ग्राहकाला काय सांगावे?

आपल्या पुष्कळ गॅरेजांत अलाइनमेंटचे यंत्र नसते. गाडी दुसऱ्याच्या दुकानात पाठवावी लागते. तेथून छापील कागद मिळतो, त्यावर आधीची आणि नंतरची मापे असतात. तो कागद मागून घ्यावा आणि बिलाला जोडून ग्राहकाला द्यावा. काम बोलण्यापेक्षा कागदावर जास्त पटते. उद्या टायरची तक्रार आली तर तोच कागद मिस्त्रीच्या बाजूने उभा राहतो.

बोलताना ग्राहकाला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. त्याच्या गाडीत क्लचच्या कामाने चाकांचे कोन हलतात की नाही. कोणते भाग आत्ता बदलणे गरजेचे आहे आणि कोणते थांबू शकतात. आणि एकत्र काम केले तर त्याचे किती तास आणि किती पैसे वाचतात. या तीन गोष्टी ऐकूनही तो 'फक्त क्लच' म्हणाला, तर तसे लिहून घेऊन फक्त क्लच करावा. पण बॉल जॉइंट निखळण्याच्या बेतात असेल, तर गाडी तशी देऊ नये. तेथे पैशाचा हिशोब संपतो आणि रस्त्यावरच्या माणसाचा विचार सुरू होतो.

बड्या शोरूमच्या वर्कशॉपकडे यंत्रे आहेत, वातानुकूलित खोल्या आहेत. आपल्या छोट्या गॅरेजकडे उस्तादाचा हात आहे आणि ग्राहकाशी समोरासमोर बोलण्याची सोय आहे. गाडी उघडण्याआधी दहा मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन कामाची आखणी केली, तर हा हात वाया जात नाही. पुढच्या वेळी क्लचची गाडी आली की आधी एवढेच पाहावे: ड्राइव्ह शाफ्ट काढायला कोणता बोल्ट सोडावा लागणार आहे? कामे एकत्र करायची की वेगळी, याचे उत्तर त्या बोल्टवरच मिळेल.